साथीचा कायदा आणि माणसाचे हक्क

भारताच्या कायद्यांच्या संग्रहात सन १८९७ चा तिसरा कायदा म्हणून एक छोटासा कायदा आहे. त्याचे नाव साथरोग अधिनियम. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो अमलात आला. मूळ कायद्यातील कलमे अवघी चार, आणि सगळा मजकूर दीड-दोन पानांत मावतो. पहिल्या कलमात कायद्याचे नाव व व्याप्ती आहे. दुसऱ्या कलमात सरकारला अधिकार दिला आहे: एखाद्या भागात धोकादायक साथ पसरली आहे किंवा पसरण्याची भीती आहे, आणि नेहमीचे कायदे तिच्यासाठी अपुरे आहेत, असे सरकारला वाटले, तर सरकार आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करू शकते. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे आणि ज्याच्याविषयी संशय येईल त्याला वेगळे ठेवणे, या दोन गोष्टींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तिसरे कलम शिक्षेचे: नियम मोडणाऱ्याने भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा केला असे मानले जाईल. चौथे कलम संरक्षणाचे: या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा किंवा खटला चालणार नाही.

प्रशासनात काम केलेल्या माणसाला असा कायदा हाताळायला फार सोपा वाटतो. अधिकार पूर्ण, अटी जवळजवळ नाहीत, आणि कारवाई करणाऱ्याला कायद्याचे कवच. मात्र थोडे थांबून वाचले की त्यात काय नाही हे दिसू लागते. 'धोकादायक साथरोग' म्हणजे काय याची व्याख्या नाही. हे नियम किती दिवस चालतील त्याची मुदत नाही. ज्याला वेगळे ठेवले त्याला दाद मागण्याची सोय नाही. त्याला अन्न, औषध, अंथरूण कोणी पुरवायचे याबद्दल एक शब्द नाही. खर्च कोणी व कसा सोसायचा हे सरकार ठरवू शकेल, असे एक वाक्य आहे. त्यात नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तोही 'असल्यास' या शब्दासह! रुग्णाने सरकारचे काय ऐकायचे ते हा कायदा सांगतो. सरकार रुग्णाचे काय देणे लागते, ते सांगत नाही.

हा फरक का पडला आणि तो गेल्या सव्वाशे वर्षांत कितपत भरून निघाला, हा या लेखाचा विषय. आरोग्य आणि मानवी हक्क यांचा संबंध हा जिनिव्हाच्या परिषदांतला विषय आहे, आपल्या तहसील कचेरीतला नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही असे माझे मत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. बघता बघता लाखो लोक मुंबई सोडून गेले. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. तेथून निघणाऱ्या जहाजांवर युरोपीय देश बंदी घालतील ही धास्ती सरकारला होती. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये प्लेगसाठीच म्हणून व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वर्षी मुंबईहून हज यात्रेला जाणाऱ्यांनाही रोखण्यात आले. कायदा झाला तो या धावपळीत. रुग्णाची काळजी हे एक कारण होतेच. पण व्यापार थांबेल ही चिंता त्याहून लहान नव्हती. 'जागतिक आरोग्य' हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, तरी तिकडच्या व्यापाराचे दडपण इकडच्या गरिबाच्या घरापर्यंत कसे पोहोचते याचे हे जुने उदाहरण आहे.

पुढचा इतिहास प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती सुरू झाली. देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, सगळीकडे बूट शिरले. रुग्णाला इस्पितळात आणि घरातल्या बाकीच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात नेले जाई. सामान जाळले जाई. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री मेला, रँड पुढे ३ जुलैला. चाफेकर बंधू फासावर गेले, आणि 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये तपासणीवरूनच दंगल झाली. त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली.

या घटनेकडे आपण देशभक्तीच्या अंगाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रशासकाने तिच्याकडे आणखी एका अंगाने पाहायला हवे. जी सक्ती झाली तिचा रोगावर काय परिणाम झाला? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदराच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि सर्वमान्य व्हायला त्याला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ साली सोल्जर माणसे शोधत होते तेव्हा रोग बिळांतून चालला होता. घरातल्या निरोगी माणसांना कॅम्पात नेऊन रोग थांबण्यासारखा नव्हता. उलट, आपले माणूस ओढून नेतील या भीतीने लोक आजारी माणूस लपवू लागले, प्रेते लपवू लागले, आणि साथ कुठे आहे हेच सरकारला कळेनासे झाले.

माझी आजी लहानपणी प्लेगच्या एका मागाहूनच्या साथीतून गेली होती. ती सांगायची, घरात उंदीर पडला की कोणी कोणाला विचारत नसे. गाव उठायचे आणि मळ्यात झोपड्या घालून राहायचे. महिना-दोन महिने पेटीतली भांडीसुद्धा कोणी आणायला जात नसे. आज पाहिले तर ही रीत शास्त्राला धरून होती. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. तेव्हा माणसाने घर सोडणे हाच उत्तम उपाय. पुढे सरकारनेही लोकांना गावाबाहेर राहायला मदत करण्याचा मार्ग धरला. जे लोक स्वतःहून करत होते त्याला सरकारने आधीच हातभार लावला असता, तर किती जीव वाचते, याचा हिशेब आता कोण करणार?

त्याच काळात पुण्याबाहेर दुसऱ्या प्रकारचेही काम चालले होते, हे विसरता कामा नये. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण तेथे आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णाला घरापासून दूर न्यावे लागते हे त्यांनाही मान्य होते. पण तेथे त्याला माणूस म्हणून कोणी तरी हात लावणारे होते. रुग्णाला वेगळे ठेवण्यात दोष नाही, तो कसा ठेवला यात दोष असू शकतो, हे समजून घेण्यासाठी रँड आणि सावित्रीबाई ही एकाच शहरातली, एकाच महिन्यांतली दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

आता जगाकडे वळू. साथींबद्दलची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८५१ मध्ये पॅरिसला झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षे अशा परिषदांचा विषय मुख्यतः एकच होता: बाहेरचा रोग आपल्या देशात येऊ नये आणि व्यापारही बुडू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर विचार बदलला. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ मध्ये स्वीकारली गेली आणि ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली. शक्य तितके उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे तिच्या प्रास्ताविकात म्हटले आहे. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातील बाराव्या अनुच्छेदात तोच हक्क आला, आणि साथींचा प्रतिबंध व उपचार हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले. भारताने हा करार आणि त्याच्या जोडीचा नागरी व राजकीय हक्कांचा करार, दोन्ही १९७९ मध्ये स्वीकारले. १९८४ मध्ये इटलीतील सिराक्यूज येथे जमलेल्या कायदेतज्ज्ञांनी, आणीबाणीत वा सार्वजनिक आरोग्यासाठी हक्कांवर मर्यादा घालायची तर कोणत्या कसोट्या लावायच्या, ते लिहून काढले. मर्यादेला कायद्याचा आधार हवा. तिचा हेतू योग्य हवा. ती खरोखर आवश्यक हवी. तोच हेतू साधणारा कमी जाचक उपाय उपलब्ध नसावा. आणि ती मनमानी वा भेदभावाची नसावी. हेच सिराक्यूज तत्त्वे म्हणून ओळखले जाते.

आपल्या संविधानातही याचे धागे आहेत. अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्यही येते असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले आणि २५ हजार रुपये भरपाई देवविली. अधिकारांची वाटणी मात्र गुंतागुंतीची आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील. आणि बंदरांवरचे तसेच राज्याराज्यांतले क्वारंटाईन केंद्राकडे. साथ मात्र या याद्या पाहून येत नाही.

मी १९९४ साली उत्तरेकडच्या एका राज्यात जिल्हाधिकारी होतो. सप्टेंबरअखेर सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोक ते शहर सोडून निघाले. सुरतेच्या कापड आणि हिरे उद्योगात खानदेशातली मराठी माणसे, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातली माणसे मोठ्या संख्येने होती. ती सगळी आपापल्या गावी परतू लागली. आमच्या जिल्ह्यातही गाड्या भरभरून येऊ लागल्या. शहरातील प्रतिष्ठित मंडळी माझ्याकडे आली. मागणी एकच: स्टेशनवर उतरेल त्या प्रत्येकाला पोलीस लावून गावाबाहेरच्या शाळेत कोंडून ठेवा. मी १८९७ चा कायदा नीट वाचला तो त्या दिवशी. कायद्याने मला तसे करता आले असते.

आमचे मुख्य चिकित्सा अधिकारी निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, ज्याला ताप आणि खोकला असेल त्याला रुग्णालयात घेऊ. बाकीच्यांना टेट्रासायक्लिनच्या गोळ्या देऊ, पत्ता लिहून घेऊ आणि घरी जाऊ देऊ. परिचारिका आठवडाभर रोज घरी जाऊन ताप पाहील. एका शाळेत दोनशे माणसे कोंडली तर एकाचा रोग दोनशेंना देण्याची सोय आपणच करू. तसाच आदेश काढला. जे थोडे लोक रुग्णालयात थांबवले, त्यांच्या बरोबरच्या बायकामुलांना दोन वेळचे जेवण द्यावे असे त्यात लिहिले, तेव्हा लेखा शाखेकडून टिपणी आली की हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? शंका रास्त होती. माणसाला अडवून ठेवण्याचा अधिकार कायद्यात होता; अडवलेल्या माणसाला जेवू घालण्याची तरतूद कुठेच नव्हती. शेवटी टंचाई-मदतीच्या रकमेतून ते भागवले. आमच्याकडे प्लेगचा एकही रुग्ण निघाला नाही. तापाचे निघाले ते बहुतेक मलेरियाचे.

देशात जे त्या दिवसांत घडत होते तेच जगाने भारताबाबत केले. प्लेगने मृत्यू पावलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास होती, पण अनेक देशांनी विमाने थांबवली, भारतीय माल अडवला, प्रवाशांना वेगळी वागणूक दिली. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत यातले बरेचसे बसत नव्हते. रोग प्रामाणिकपणे जाहीर करणाऱ्या देशाला शिक्षा होणार असेल, तर पुढचा देश रोग लपवील. पुण्यात घरांनी रुग्ण लपवले, तसेच. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियम सुधारायचे ठरवले, २००३ च्या सार्सने त्याला वेग आला, आणि २००५ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम मंजूर होऊन १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांच्या तिसऱ्या अनुच्छेदात माणसाची प्रतिष्ठा, मानवी हक्क आणि मूलभूत स्वातंत्र्ये यांचा पूर्ण आदर राखून अंमलबजावणी व्हावी असे म्हटले आहे. बत्तिसाव्या अनुच्छेदात तर प्रशासकाला थेट उपयोगी पडेल असा तपशील आहे: थांबवलेल्या प्रवाशाशी सौजन्याने वागा, स्त्री-पुरुष भेद व धार्मिक-सामाजिक भावना लक्षात घ्या, त्याला अन्न, पाणी, निवारा, कपडे, औषध आणि निरोप पाठवण्याचे साधन द्या. १८९७ च्या कायद्यात जी जागा कोरी आहे, ती येथे बऱ्याच अंशी भरलेली दिसते.

परंतु रोगाच्या भीतीने माणसाला कोंडण्याची वृत्ती केवळ इंग्रजांची नव्हती. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानाच्या वेळी त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून, तेथील आरोग्य कायद्याखाली पकडून ६४ दिवस एका जुन्या क्षय रुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. एचआयव्ही शेजारी बसल्याने पसरत नाही हे तेव्हा डॉक्टरांना ठाऊक होते. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान दिले; न्यायालयाने व्यक्तीच्या हक्कापेक्षा सार्वजनिक हित मोठे मानून तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक बाहेर आल्यावर इतर रुग्णांसाठी काम करत राहिला आणि १९९२ मध्ये गेला. १९९७ मध्ये याच उच्च न्यायालयाने, केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामास सक्षम माणसाला सार्वजनिक उपक्रमात नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. आणि २०१७ मध्ये संसदेने केलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा व्यक्तीला वेगळे काढणे हाच भेदभाव ठरवला, चाचणीला संमती आणि माहितीला गुप्तता बंधनकारक केली. डॉमिनिकला कोंडणाऱ्या तरतुदीपासून या कायद्यापर्यंत यायला जवळजवळ तीन दशके लागली. या काळात एड्सविरुद्धच्या कार्यक्रमाला एक गोष्ट अनुभवाने कळली होती: रुग्णाला भय नसेल तरच तो चाचणीला येतो, आणि तो आला तरच साथ आटोक्यात येते. हक्क आणि साथनियंत्रण हे एकमेकांच्या आड येतात ही समजूत येथे खोटी ठरली.

मग २०२० साल उजाडले. ११ मार्चला केंद्राने राज्यांना १८९७ च्या कायद्याचे दुसरे कलम वापरण्याचा सल्ला दिला. २५ मार्चपासून २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर टाळेबंदी आली. कोरोना हा प्लेगपेक्षा वेगळा, श्वासातून पसरणारा रोग होता; माणसांनी माणसांपासून दूर राहणे त्यात खरोखर आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु घरी राहा असा आदेश देताना ज्याचे घर हजार किलोमीटरवर आहे आणि खोलीचे भाडे रोजच्या मजुरीवर आहे, त्याचे काय, हा विचार आदेशाबरोबर कागदावर आला नाही. माणसे चालत निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या होत्या, आणि भुसावळला आपल्याला गाडी मिळेल ही त्यांची आशा होती. बंधन घालणारा आदेश चार तासांच्या अवधीने निघाला, गाडीचा आदेश निघायला पाच आठवडे लागले. जुन्या कायद्यातील कोरी जागा म्हणतो ती हीच.

त्या काळात मी निवृत्त होऊन उत्तरेतल्याच एका शहरात राहत होतो. आमच्या इमारतीतील एका वृद्ध जोडप्याच्या दारावर रुग्ण असल्याची पाटी लागली. दुधवाला यायचा थांबला, कचरा उचलणारा थांबला, लिफ्ट वापरू नका असे सांगण्यात आले. मुदत संपल्यावरही पाटी तशीच राहिली, कारण लावण्याचा आदेश होता, काढण्याचा नव्हता. दिल्लीत आणि इतरत्रही हा प्रश्न न्यायालयात गेला. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याने त्या त्या प्रकरणात कायद्याखाली आदेश दिल्याशिवाय अशी पाटी लावता येणार नाही. परदेशी तबलिगी पाहुण्यांवरचे गुन्हे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, आणि साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते अशा आशयाची टीका केली. २ मे २०२२ रोजी लसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर बंधने घालता येतात, असा तोल साधला. न्यायालयांनी आपले काम केले. पण हे निर्णय साथ ओसरताना किंवा ओसरल्यावर येतात. पहिल्या आठवड्यात निर्णय घेतो तो जिल्ह्याचा अधिकारी, आणि त्याच्या हातात कायदा असतो तो चार कलमांचाच.

संसदेने २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली. ती आवश्यकच होती. पण रुग्णाबद्दलची कोरी जागा तशीच राहिली. २००९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा आणि २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा झाला होता. दोन्हींचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा आमूलाग्र सुधारा किंवा नवा करा असे सुचवले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा कलम १८८ चे २२३ झाले. शिक्षेचे कलम नवे झाले, कर्तव्याचे अजून लिहायचे आहे. जगातही हालचाल आहे. आरोग्य नियमांच्या २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यात समता आणि परस्परसहकार्य ही तत्त्वे आली. २० मे २०२५ रोजी महासाथीचा करार मंजूर झाला. पण हे सारे आपल्या कायद्यात उतरल्याशिवाय तालुक्याच्या डॉक्टरला त्याचा उपयोग नाही.

नव्या कायद्यात काय असावे? प्रशासनातल्या अनुभवावरून मला पाच गोष्टी सुचतात.

१. साथीची व्याख्या आणि तिची घोषणा कोणी, कोणत्या शास्त्रीय सल्ल्यावर करायची, हे लिहिलेले असावे. प्रत्येक आदेशाला मुदत असावी आणि मुदत संपताच तो आपोआप संपावा. दारावरची पाटीसुद्धा.

२. आदेशात कारण लिहावे, आणि याहून कमी जाचक उपाय का चालणार नाही तेही दोन ओळींत लिहावे. दोन ओळी लिहायला साथीतही वेळ असतो.

३. ज्याला अडवले त्याचे जेवण, औषध, बुडालेली मजुरी आणि घरच्यांना निरोप ही सरकारची जबाबदारी असावी, आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. लेखाशीर्ष नसलेले कर्तव्य प्रशासनात फार दिवस जगत नाही.

४. दाद मागण्यासाठी जिल्ह्यातच, दोन-तीन दिवसांत निर्णय देणारी सोय असावी. ज्याला चौदा दिवस ठेवायचे आहे त्याला उच्च न्यायालयात जा म्हणण्यात अर्थ नाही.

५. रुग्णाचे नाव, पत्ता व आजार यांची गुप्तता ठेवावी, आणि साथीच्या निमित्ताने जात, धर्म, प्रांत यांवरून कोणाला वेगळे काढणे हा गुन्हा ठरावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. साथीत वेळ नसतो. अधिकाऱ्याचे हात बांधाल तर माणसे मरतील. आक्षेप पोकळ नाही. साथीत कठोर निर्णय घ्यावे लागतात आणि ते लवकर घ्यावे लागतात. पण वरील पाचपैकी एकही गोष्ट निर्णयाला उशीर करत नाही. ती निर्णयाचा दुसरा अर्धा भाग पुरा करते. शिवाय साथनियंत्रणाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे रुग्णाने स्वतःहून पुढे येणे. ते हुकमाने होत नाही, विश्वासाने होते.

हा लेख वाचणारे बरेचजण महाराष्ट्राबाहेर नोकरी-धंद्यासाठी राहतात. आपल्यासाठी यात एक जवळचा भाग आहे. साथ आली की पहिला संशय बाहेरून आलेल्यावर जातो. १८९७ च्या कायद्याने तपासणीसाठी नाव घेतले ते प्रवाशाचे. सुरतेहून परतलेला खानदेशी विणकर आपल्याच गावात परका झाला होता, आणि २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून कोकणात, मराठवाड्यात परतलेल्यांसाठी काही गावांनी वेशीवर काटे टाकले होते. आपण एका गावात गावकरी असतो आणि दुसऱ्या गावात परके असतो. म्हणून हा कायदा सुधारताना आपल्या लोकप्रतिनिधीला, मग तो कोणत्याही राज्यातला असो, प्रत्येकाने एक प्रश्न जरूर विचारावा: मला अडवण्याचा अधिकार तुम्ही घेतलात; अडवल्यावर मला काय द्याल, ते कोणत्या कलमात लिहिले आहे? पुढची साथ येण्यापूर्वी त्याचे उत्तर छापील असले पाहिजे.